चिकटवही घेऊन बोटीवर निघताय?

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ धरणारे, सिंगापूरहून तीन-चार रात्रींची फेरी करणारे, अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर त्यांच्यासोबत कॅरिबियन किंवा अलास्का पाहून येणारे... मराठी घरांतून समुद्रावर जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे हस्तकलेची हौस असणाऱ्यांचे प्रश्नही वाढले. ‘बोटीवर कात्री नेऊ देतात का?’, ‘आयोजकांनी क्राफ्ट क्रूझ म्हणून वेगळे पैसे घेतले, ते कशाचे?’, ‘किनाऱ्यावर सापडलेला शिंपला वहीत चिकटवला तर काही होतं का?’ हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरं मिळतात ती बहुतेक वेळा ऐकीव, आणि कात्री जप्त होते तेव्हा ती उत्तरं ऐकीव होती हे कळतं.

चिकटवही आणि बोट यांचं नातं जुनं आहे. मार्क ट्वेन 1867 साली ‘क्वेकर सिटी’ या बोटीतून युरोप आणि पॅलेस्टाईनच्या सफरीवर गेला होता. पुढे 1873 मध्ये त्याने पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. आजचा ‘स्क्रॅपबुकिंग’ हा छंद मात्र अमेरिकेत 1980 नंतर वाढला. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या नोंदविषयक जागतिक परिषदेत यूटामधल्या एका कुटुंबाने आपले आल्बम मांडले आणि लोक ते बघायला लोटले. 1987 मध्ये ‘क्रिएटिव्ह मेमरीज’ ही कंपनी सुरू झाली आणि घराघरांत वर्ग भरू लागले. त्या वर्गांतल्या मैत्रिणी मिळून समुद्रावर जाऊ लागल्या, तेव्हा आल्बम करण्यासाठी जमायच्या बैठकीला त्या ‘क्रॉप’ म्हणत. आजही अशा सहलीच्या जाहिरातीत हा शब्द दिसला, तर समजा की रोजचे काही तास टेबलाभोवती बसून काम करण्याचा बेत आहे.

आधी ठरवा: बोटीचा वर्ग, आयोजित गट की आपली आपण

बोटीवर हस्तकला करण्याचे तीन मार्ग आहेत. तिन्हींचा खर्च आणि त्रास वेगळा आहे, म्हणून हा निर्णय तिकिटाच्या आधी घ्यावा.

बोटीच्या कार्यक्रमातला वर्ग. बहुतेक मोठ्या बोटींवर रोज काही ना काही असतं: टॉवेलची हत्ती-माकडं, नॅपकिनच्या घड्या, जलरंग, विणकाम करणाऱ्यांची बैठक, मुलांच्या क्लबमधलं कागदकाम. डिस्नेच्या बोटींवर त्यांची पात्रं काढायला शिकवतात. काही वर्ग तिकिटात धरलेले असतात, काहींना साहित्याचे पैसे पडतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. हे वर्ग फेरीगणिक बदलतात. गेल्या वर्षी नणंदेला मिळाला म्हणून तुम्हाला मिळेलच, असं नाही. त्या वर्गासाठीच ती बोट निवडत असाल, तर कंपनीला ईमेल करून तुमच्या तारखेची चौकशी करा आणि उत्तर लेखी घ्या.

आयोजित गट. एखादी शिक्षिका किंवा दुकान बोटीवर खोल्यांचा गट घेतं, बोटीची सभागृहवजा खोली मिळवतं आणि साहित्य, नमुने, शिकवणी पुरवतं. हा प्रकार अमेरिकेत रुळलेला आहे. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण पैसे दोन ठिकाणी जातात: बोटीचं भाडं वेगळं आणि वर्गाची नोंदणी वेगळी. पैसे भरण्याआधी आयोजकांना हे विचारा:

- नोंदणीच्या रकमेत नेमकं काय येतं: साहित्य, शिकवणी की फक्त टेबलावरची जागा?
- खोली किती तास आणि कोणत्या दिवशी मिळणार? बोटीने ती दुसऱ्या कार्यक्रमासाठी मागितली तर पर्यायी जागा कुठली?
- आयोजकांमार्फत तिकीट न काढता त्याच बोटीवर आलेल्या माणसाला वर्गात बसता येतं का? बहुतेक ठिकाणी येत नाही.
- प्रवास रद्द केला तर भाडं परत मिळण्याची मुदत कोणती आणि नोंदणीची कोणती? या दोन मुदती क्वचितच एक असतात.
- कात्री, कटर, कापण्याचं यंत्र यासाठी आयोजकांनी बोटीकडून लेखी परवानगी घेतली आहे का?

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. ठरावीक संख्येने प्रवासी आणले, की अनेक कंपन्या गट आणणाऱ्याला एक जागा फुकट किंवा सवलतीत देतात. यात गैर काही नाही, व्यवसायाची ती रीत आहे. पण ‘आम्ही काहीच घेत नाही, फक्त हौसेपोटी’ असं कुणी म्हणालं, तर हिशेब विचारायला संकोच करू नका.

आपली आपण. सर्वांत स्वस्त मार्ग हाच, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बहुधा सर्वांत चांगलाही. मात्र बोटीचा मार्ग पाहून ठरवा. रोज सकाळी नवं बंदर असेल, तर हातात वेळ उरत नाही. सात रात्रींच्या कॅरिबियन फेरीत साधारण दोन-तीन दिवस पूर्ण समुद्रावरचे असतात, काम होतं ते त्या दिवसांत. ‘क्वीन मेरी 2’ साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी सात रात्रींची थेट सफर करते, वाटेत एकही बंदर नाही. ज्यांना खरोखर बसून काम करायचं आहे, त्यांना याहून सोयीची सफर सापडणं कठीण. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या फेरीत मोठा आल्बम करण्याचा बेत आखू नका. एक छोटी वही पुरते.

एकच पिशवी, तीन ठिकाणची तपासणी

हस्तकलेची पिशवी विमानतळ, बंदर आणि परतीचं कस्टम्स अशा तीन ठिकाणी तपासली जाते. तिन्हींचे नियम वेगळे आहेत; पहिल्या दोन ठिकाणांचे इथे पाहू, कस्टम्सचं पुढे येईल. एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडे चालेल, हा समज सोडा. चुका होतात त्या इथेच.

*विमानतळ.* अमेरिकेत टोकापासून सांध्यापर्यंत चार इंचांहून कमी पात्याची कात्री हातातल्या बॅगेत चालते. युरोपात ही मर्यादा सहा सेंटिमीटर आहे. भारतातल्या तपासणीत वाद घालण्यापेक्षा कात्री, सुया, क्रोशाचे हूक, पंच हे सगळं चेक-इनच्या बॅगेत टाका. स्प्रेमधला ज्वालाग्राही गोंद कुठल्याच बॅगेत चालत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र याउलट: त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म नेत असाल, तर नव्या सीटी स्कॅनरमध्ये ती खराब होऊ शकते. ती पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.

*बोट.* रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या नियमांत सुऱ्या आणि कात्र्या मनाईच्या यादीत आहेत. सूट आहे ती चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरहून, लहान पात्याच्या कात्रीला. कागद कापायचा कटर ही सुरक्षारक्षकाच्या लेखी सुरीच, मग पातं कितीही लहान असो. फिरत्या चाकाचा कटरही त्यातच जातो. गरम होणाऱ्या वस्तूंना बोटीवर आगीच्या भीतीने मनाई असते. इस्त्री आणि मेणबत्ती यांची नावं यादीत असतात, आणि ग्लू गन किंवा एम्बॉसिंगची हीट गन त्याच कारणाने अडते. एक्स्टेंशन बोर्डबद्दल कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, रॉयल कॅरिबियनने तर ते बंदच केले आहेत. जप्त झालेली वस्तू उतरताना परत मिळेल, यावर विसंबू नका.

नियम बदलतात. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावरची मनाईच्या वस्तूंची यादी पाहून तिचा एक छापील कागद पिशवीत ठेवा. तपासनीसाशी बोलताना तो उपयोगी पडतो.

या सगळ्यातून निघणारा सल्ला सरळ आहे: कापायचं काम घरी उरकून जा. पानं मापात कापून, रंगीत कागदाच्या पट्ट्या करून, फोटोंच्या मापाच्या चौकटी आखून निघालात, तर बोटीवर लहान कात्री आणि चिकटपट्टीवर भागतं. एका झिपच्या पाऊचमध्ये मावेल एवढंच न्या:

- बोथट टोकाची लहान कात्री
- दुहेरी चिकटपट्टी आणि एक ग्लूस्टिक; पातळ गोंद सांडतो, नको
- हाताने फाटणारी रंगीत वॉशी टेप
- न पसरणाऱ्या शाईचं काळं पेन आणि एक मऊ पेन्सिल
- तिकिटं, नकाशे, पत्रकं ठेवायला एक कडक फोल्डर
- ओरिगामीचे कागद. त्याला कात्री लागत नाही आणि शेजारच्या टेबलावरची मुलं आपोआप येऊन बसतात

बसायचं कुठं, काम कसं करायचं

खोलीतलं टेबल लहान असतं आणि त्यावर आरसा, फोन, घरच्यांची औषधं यांचंच राज्य असतं. पत्ते खेळायची खोली, वाचनालय किंवा जेवणाच्या वेळा संपल्यावर बुफेतलं खिडकीजवळचं टेबल पाहा. ज्या दिवशी बोट बंदराला लागते, त्या दिवशी या जागा रिकाम्या असतात. वयस्कर आई-वडील बंदरावर उतरणार नसतील, तर त्यांच्यासोबत वही घेऊन बसायला तो दिवस उत्तम.

बोट हलते. मोठ्या बोटींना डोलणं कमी करणारे पंख असतात, तरी टेबलावर ठेवलेला मणी घरंगळतोच. कड असलेला ट्रे घ्या किंवा हात पुसायचा टॉवेल पसरून त्यावर साहित्य मांडा. कापताना कागद फिरवा, कात्री फिरवू नका. हात स्थिर राहतो. जवळचं बारीक काम सतत पाहिलं की मळमळ लवकर सुरू होते. तेव्हा पहिल्या दिवशी नुसती मांडामांड करा, बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसा, आणि मधून मधून खिडकीबाहेर क्षितिजाकडे बघा. अंगाला सवय झाली, की दुसऱ्या दिवसापासून हात चालतो.

उघड्या डेकवर किंवा बाल्कनीत कागदकाम करू नका. वाऱ्याने उडालेली चमकी किंवा प्लास्टिकचं पाकीट थेट समुद्रात जातं, आणि जहाजावरून कुठलंही प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने पूर्ण बंदी आहे. चमकी तर घरीच ठेवा. गालिच्यात गेली की निघत नाही.

विजेचं बघून ठेवा. अमेरिकी प्रवाशांसाठी बांधलेल्या बोटींवर 110 व्होल्टचे सॉकेट असतात, काहींवर सोबत 220 व्होल्टचाही असतो. आपल्याकडचा छोटा फोटो-प्रिंटर नेत असाल, तर चार्जरवर ‘100-240’ लिहिलंय का ते वाचा.

खोलीच्या दारावर सजावट करायची असेल, तर आधी नियम विचारा. बहुतेक बोटींची दारं पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबक चिकटतो; टेप किंवा गोंद लावून रंग उडाला तर भरपाई मागतात. डिस्नेच्या बोटींवर खोलीबाहेरच्या माशाच्या आकाराच्या आकड्याला कापडी खिसे टांगून प्रवासी एकमेकांसाठी हातांनी केलेल्या भेटी ठेवतात. त्यासाठी गट आधीच जमवावा लागतो आणि त्यात नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडच्या वारली चित्रांची पुस्तकखूण किंवा छोटा कागदी कंदील अशा देवघेवीत शोभून दिसतो.

शिंपला, पीस, वाळू: हात लावण्याआधी

या भागाकडे विशेष लक्ष द्या. कारण इथली चूक कात्रीसारखी जप्तीवर थांबत नाही.

*लक्षद्वीप.* प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही उचलू नका. काही जातींचे शंख-शिंपलेही या कायद्यात येतात, आणि ते कोणते, हे पर्यटकाला नुसतं बघून ओळखता येत नाही.

*अलास्का.* इथे पिसांचा कायदा कडक आहे. टकल्या गरुडाचं जमिनीवर पडलेलं पीस बाळगणंही अमेरिकेत गुन्हा आहे. 1940 चा गरुड संरक्षण कायदा तसं सांगतो. सूट आहे ती मूलनिवासी जमातींना, तीही परवान्याने. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यात बहुतेक स्थानिक रानपक्षी येतात, सीगलसुद्धा.

*सार्डिनिया.* भूमध्य समुद्रातल्या फेऱ्यांमध्ये हे इटालियन बेट असतं. 2017 पासून तिथून वाळू, खडे, शिंपले नेल्यास 500 ते 3,000 युरो दंड आहे. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत बाटल्यांमध्ये भरलेली सुमारे 40 किलो वाळू सापडली आणि प्रकरण खटल्यापर्यंत गेलं.

*ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड.* वाळलेली फुलं, पानं, बिया, गवताची विणलेली वस्तू हे सगळं अर्जावर जाहीर करावं लागतं. न्यूझीलंडमध्ये न सांगता काही सापडलं, तर जागेवर 400 डॉलर दंड होतो. इथे एक दिलासा आहे: जाहीर केल्याबद्दल दंड होत नाही, फार तर वस्तू काढून घेतात. शंका असेल तर ‘हो’वर खूण करा.

आणि निघतानाच्या पिशवीत मोरपीस असेल तर काढून ठेवा. आपल्याकडे ते देवघरात, वहीत, मुलांच्या दप्तरात सहज असतं. आपसूक गळलेली पिसं देशात बाळगता येतात. पण देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे, त्यापासून केलेल्या वस्तूंनाही.

मग वहीत लावायचं काय? शाळेत नाण्यावर कागद ठेवून मऊ पेन्सिल घासत होतो, तेच करा. शिंपल्यावर पातळ कागद धरा, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा: आधी कड उमटते, मग एकेक कंगोरा. शिंपला तिथेच ठेवून द्या. डेकवरच्या लाकडाच्या फळ्या आणि बंदरावरच्या लोखंडी झाकणावरची अक्षरंही अशीच घेता येतात. लहान मुलांना हे काम फोटो काढण्याहून जास्त आवडतं, आणि वहीतलं ते पान हाताने केलेलं असतं.

कागद टिकवायचा तर

बोटीवर रोज मिळणारं कार्यक्रमपत्रक हा चिकटवहीचा कणा. बऱ्याच कंपन्यांनी ते आता मोबाईलच्या अॅपमध्ये नेलं आहे, पण स्वागतकक्षात मागितलं तर अनेकदा छापील प्रत देतात. ती पहिल्याच दिवसापासून मागा. नंतर जुनी प्रत मिळत नाही.

पावत्यांबद्दल सावध राहा. त्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोऱ्या होतात. चिकटपट्टीचा गोंद लागला तर आणखी लवकर. त्यांचा फोटो काढून साध्या कागदावर छापा आणि तो चिकटवा. खोलीची किल्ली असलेलं कार्ड उतरल्यावर निकामी होतं, ते खुशाल लावा. पासपोर्ट किंवा व्हिसाची प्रत मात्र वहीत नको, आणि बुकिंग क्रमांक दिसेल असं पान समाजमाध्यमावर टाकू नका.

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार करून वही निवडावी. आम्लमुक्त, लिग्निनमुक्त कागद घ्या. फोटोसाठी पीव्हीसी नसलेले कप्पे घ्या. पीव्हीसी फोटोला चिकटतं. 1970-80 च्या दशकांतले चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढलेले आल्बम बहुतेक घरांत पिवळे पडलेले दिसतात, ते त्यातल्या गोंदामुळे. पुण्याच्या शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला असा कागद जाड आणि टिकाऊ असतो, मात्र घेताना आम्लमुक्त आहे ना, हे विचारा. ट्वेनच्या वहीसारखी आधीच डिंक लावलेली पाकिटं आणि लेबलं समुद्रावरच्या दमट हवेत आपसांत चिकटून बसतात. ती झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून न्या.

या साऱ्यात एक काम बोटीवरच करावं आणि घरी आणू नये: लिहिणं. बंदराचं नाव, तारीख, कोण कुणाशी काय बोललं, जेवणात काय होतं, समुद्राचा रंग कसा होता, हे त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहा. फोटो सहा महिन्यांनी लावले तरी चालतात. आजी वल्हवणाऱ्याशी मराठीतच बोलत होती आणि त्याला ते कळत होतं, ही गोष्ट सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

पैसे अडकले तर

- अमेरिकी बंदरातून सुटणारी बोट: कंपनीने सफर रद्द केली किंवा तीन वा त्याहून जास्त दिवस लांबवली आणि तुम्ही जायचं नाकारलं, तर पूर्ण परतावा मागता येतो. तिथल्या संघीय सागरी आयोगाचा हा नियम 2022 पासून लागू आहे. आयोजकांची वर्गनोंदणी यात येत नाही, ती त्यांच्या अटींवर जाते.
- तिकिटाच्या करारातलं न्यायालयाचं कलम: ते वाचाच. 1991 मध्ये कार्निव्हलविरुद्धच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या दांपत्याला सांगितलं, की तिकिटावर फ्लोरिडा लिहिलंय तर दावा फ्लोरिडातच करावा लागेल. परदेशी कंपनीकडून थेट ऑनलाइन बुकिंग करणाऱ्या भारतीय प्रवाशाचीही अशीच अडचण होते.
- भारतातल्या एजंटकडून बुकिंग: पावती भारतातली घ्या आणि क्राफ्टचा वर्ग सहलीत धरलेला असेल, तर तसं पावतीवर किंवा कार्यक्रमपत्रिकेत लिहून घ्या. तोंडी आश्वासन सिद्ध करता येत नाही. परदेशी सहलीवर कापलेला टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात जमा धरून घ्यायला विसरू नका.
- विमा: हस्तकलेचं साहित्य किंवा कापण्याचं महाग यंत्र सामानाच्या विम्यात किती रकमेपर्यंत धरलंय, ते आधी बघा.

जाहीर केलेला वर्ग झालाच नाही, तर बोटीवर असतानाच स्वागतकक्षात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत किंवा फोटो घ्या. परतल्यावर एजंटला ईमेल करा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर बोला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.